पंचाहत्तर वॅटांची मंजुरी

जुन्या यंत्रावर नवा खर्च करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा दिसत असला, तरी ज्या घरात तो एकदा उपस्थित होतो, त्या घरातली माणसे हिशेबाच्या वहीत कधीच न मावणाऱ्या गोष्टींवरून त्याचा निकाल लावू लागतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कोणाला वस्तूचा लळा असतो, कोणाला नवेपणाची ओढ असते, आणि पुष्कळांना तर आपणच पूर्वी केलेल्या खरेदीचे समर्थन करावयाचे असते. ज्यांना यांपैकी कशाचीही बाधा झालेली नाही अशी दोन माणसे या प्रश्नावर समोरासमोर बसलेली ऐकावयास मिळावी, हा योग दुर्मिळ. तो मला लाभला.

त्यांतले एक माझे स्नेही. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या कचेरीत उभी हयात घालवून ते निवृत्त झाले असून, नगरपालिकांची आणि ग्रामपंचायतींची दप्तरे तपासता तपासता ‘हा खर्च अनुज्ञेय कसा?’ हा एकच प्रश्न त्यांच्या स्वभावाचा भाग होऊन बसला आहे. दुसरी त्यांची भाची. शाळेत चित्रकला शिकवते, मुलांसाठी लहान लहान बोधपट तयार करते, आणि अलीकडे ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती आकृत्यांना हालचाल देण्याच्या नादाला लागली आहे. तिचा संगणक डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ७०१०, उभ्या कॅबिनेटचा. मूळचा कोणत्याशा कंपनीच्या कचेरीतला, तेथून एकगठ्ठा विक्रीत बाहेर पडलेला आणि साफसफाई होऊन तिच्या पदरी आलेला. आत २०१२ सालचा इंटेलचा आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेली एक एसएसडी. ग्राफिक्स कार्ड असे निराळे नाहीच. पडद्यावर चित्र आणण्याचे काम प्रोसेसरच्याच पोटातला एचडी २५०० हा दुबळा विभाग कसेबसे निभावतो. दहा हजार रुपयांच्या आत एक कार्ड बसवावे असा भाचीचा मनसुबा, आणि मामांची त्यास हरकत.

अशा वादात वडीलधारे जुन्याचा कैवार घेतात आणि तरुण माणसे नव्याचा, असे आपण गृहीत धरतो. येथे मामाच जुन्यावर उठले होते.

“अगं, सरकारी कचेरीत प्रत्येक खुर्चीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते,” ते म्हणाले, “आणि खुर्चीचे आयुष्य सरले की समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, लिलाव पुकारला जातो आणि विषय मिटतो. तुझे हे यंत्र एका कचेरीने असे रीतसर काढून टाकलेलेच आहे. ज्या वस्तूला तिच्या पहिल्या धन्याने बाहेरची वाट दाखवली, तिच्यावर तिच्या आजच्या किमतीहूनही अधिक रक्कम खर्ची घालावयाची, याला आमच्या अहवालात निष्फळ खर्च म्हणत असत, आणि तो ज्याने केला त्याच्याकडून वसूल करावा अशी शिफारसही आम्ही करीत असू.”

“मामा, कचेरीने ते काढले ते मोडले म्हणून नव्हे, देखभालीच्या कराराची मुदत भरली म्हणून,” भाची म्हणाली. “मुदत कागदाची भरली, यंत्राची नाही. आणि यंत्राची किंमत बाजारात काय येते यावरून त्याच्यावर किती खर्च करावा हे ठरवायचे असेल, तर आपल्या आजोळच्या वाड्याचे छप्पर कोणी शाकारलेच नसते. मी किंमत धरते ती ते काम किती देते याची. एका सेकंदाच्या हलत्या दृश्याला चोवीस चौकटी लागतात. एक चौकट रंगवून पुरी व्हायला या प्रोसेसरला पाच मिनिटे लागतात असे धरा. म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्याला वीस तास. त्या वीस तासांत यंत्राला दुसरे काही सांगायची सोय नाही. आणि त्याच्या पोटातला तो एचडी २५०० ब्लेंडरच्या या कामाला हात लावू शकत नाही. कार्ड असले की हीच आकडेमोड कार्डावर जाते, आणि प्रोसेसर मोकळा होतो.”

मामांनी वीस तासांचा गुणाकार मनाशी पडताळून पाहिला, आणि तो बरोबर निघाल्यामुळे, सवयीप्रमाणे, आक्षेपाचा रोख बदलला. ‘मुदत यंत्राची भरलेली नाही’ हे भाचीचे विधान त्यांना मान्य नव्हते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात, ही गोष्ट त्यांनी कोठूनशी टिपून ठेवली होती, आणि तिसऱ्या पिढीच्या यंत्राला त्यामुळे कंपनीच्याच हुकमाने सेवानिवृत्ती मिळाली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. भाचीने यावर लिनक्सचा दाखला दिला: ब्लेंडर तेथे चालते, चित्रफिती जोडण्याचे केडेनलाइव्ह चालते, आणि शाळेचे कागदपत्र लिब्रेऑफिसमध्ये होतात. या मुद्द्यावर दोघांची बाजू निम्मी निम्मी खरी आहे असे माझे मत आहे. ज्याला यंत्राशी थोडी झटापट करण्याची आवड आहे त्याला लिनक्स हा खरोखरच मार्ग आहे. ज्याला बँकेची, कराची आणि कचेरीची कामे ठरावीक प्रणालीवरच करावी लागतात, त्याने २०१२ च्या यंत्रात पैसा घालण्यापूर्वी मामांची टिपणी दोनदा वाचावी. भाची पहिल्या वर्गातली होती, म्हणून हा विषय तेथेच राहिला.

“बरे, मागणीपत्रात नग कोणता?” मामांनी विचारले. “मी परवा लॅमिंग्टन रोडला एका दुकानात सहज चौकशी केली.” हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाल्यास कित्येक वर्षे लोटली, तरी संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी अजून तो लॅमिंग्टन रोडच आहे, आणि मामांसारख्या कागदाला जागणाऱ्या माणसानेही तेच नाव घ्यावे याची मला गंमत वाटली. “तो म्हणाला, आरएक्स ५८० घ्या, आठ जीबीचे आहे, तुमच्या तरतुदीत बसते. आठ जीबी चार जीबीच्या दुप्पट आहे, एवढे तर मलाही कळते.”

येथून पुढचे संभाषण मी अधिक लक्ष देऊन ऐकले. कारण जुन्या यंत्राच्या बाबतीत बहुतेक लोकांची फसगत होते ती याच ठिकाणी, आणि ती होते ती कार्डाकडे पाहताना यंत्राकडे पाहण्याचे राहून गेल्यामुळे.

भाचीने संगणक टेबलावर आणून आडवा केला, बाजूचे पान सरकवून काढले आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवले. ती पेटी म्हणजे एसएमपीएस, घरातली वीज घेऊन यंत्राच्या प्रत्येक भागाला त्याच्या वाटणीची पोचवणारा विभाग. तिच्या अंगावरच्या पट्टीवर २७५ वॅट हा आकडा छापलेला होता, आणि त्याखाली बारा, पाच व ३.३ व्होल्टांच्या प्रत्येक वाहिनीवर किती अँपिअर मिळतील याचा तक्ता. पेटीतून निघालेल्या तारांचा जुडगा तिने मामांच्या हाती दिला: मदरबोर्डाला जाणारी रुंद जोडणी, प्रोसेसरसाठी चार सुयांची एक, आणि डिस्कांसाठी चपट्या काळ्या सॅटा जोडण्या. ग्राफिक्स कार्डासाठी सहा किंवा आठ सुयांची जी निराळी तार लागते, ती त्या जुडग्यात नव्हतीच.

“आरएक्स ५८० हे कार्ड एकटे १८५ वॅट मागते,” ती म्हणाली. “त्यासाठी आठ सुयांची तार हवी. ती नाही. दुकानदार यावर काय म्हणाला?”

“म्हणाला, कन्व्हर्टर लावून देतो. शंभर-दीडशे रुपयांत काम होते.”

“म्हणजे डिस्कांच्या दोन जोडण्या ओढून घेऊन त्यांची एक आठ सुयांची करायची. मामा, सॅटाच्या एका जोडणीतून बारा व्होल्टांवर ५४ वॅटच काढता येतात, तिची घडणच तेवढ्याची. दोन जोडल्या तर १०८. आठ सुयांच्या तोंडाकडून कार्ड १५० पर्यंत ओढू शकते. मग ती जास्तीची वीज कोठून येणार? त्या चपट्या प्लॅस्टिकच्या जोडणीतूनच. आणि ती तापून वितळते. त्याच्याही आधी ही २७५ वॅटांची पेटी बंद पडेल, ते वेगळे.”

मामा काही क्षण गप्प राहिले. मला वाटते, ज्या शीर्षाखाली तरतूद नाही त्या शीर्षावर दुसऱ्या शीर्षातली रक्कम वळवण्याचे प्रकार त्यांनी आयुष्यभर इतके पाहिले होते, की या कन्व्हर्टरची जात त्यांनी तत्काळ ओळखली. “हे तर विनामंजुरी पुनर्विनियोजन झाले,” ते म्हणाले, आणि आरएक्स ५८० हा विषय त्या वाक्यासरशी निकालात निघाला.

“मग एसएमपीएसच बदल,” पुढच्या श्वासात त्यांनी सुचवले. भाचीचा त्यास तत्त्वतः विरोध नव्हता. ७०१० च्या उभ्या कॅबिनेटात मदरबोर्डाला जाणारी जोडणी नेहमीच्या चोवीस सुयांची असल्यामुळे तेथे ते शक्य आहे. परंतु त्याच मालिकेतल्या लगेच पुढच्या यंत्रांत, ७०२० आणि ९०२० मध्ये, ती आठ सुयांची खास जोडणी केलेली असल्यामुळे बाजारातला कोणताही एसएमपीएस आणून लावता येत नाही, मध्ये वेगळी रूपांतराची तार घ्यावी लागते. शिवाय नावाजलेल्या कंपनीचा, छापलेले वॅट खरोखरच देणारा एसएमपीएस घ्यावयाचा तर दहा हजारांतला मोठा वाटा तिकडेच जातो. आणि स्वस्तातला घ्यावयाचा तर, ४५० हा आकडा ज्याच्या अंगावर आहे पण वजन उचलून पाहिले तर रिकाम्या डब्याइतके भरते, असला माल घरात आणण्यापेक्षा मूळची २७५ ची पेटी शतपटीने बरी. कचेऱ्यांसाठी घडवलेल्या या यंत्रांतल्या पेट्या आकड्याने लहान असतात, पण बोललेला शब्द पाळतात.

मग तिने कागदावर ताळेबंद मांडला. प्रोसेसर जास्तीत जास्त ७७ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून सढळ हाताने ५०. आणि मदरबोर्डावर कार्ड ज्या खाचेत बसते त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून, निराळी तार न लावता, कार्डाला घेता येतात ते ७५ वॅट, त्यांतले ६६ बारा व्होल्टांवर. बेरीज २०२. २७५ मधून वजा जाता ७३ शिल्लक. “शिल्लक ठेवावीच लागते,” ती म्हणाली, “पेटी तेरा वर्षांची आहे.”

मामांनी बेरीज तपासली आणि खाली बरोबरची खूण केली. या क्षणापासून वादाचे स्वरूप पालटले असे म्हटले पाहिजे. कार्ड घ्यावे की नाही हा प्रश्न मामांच्या मनात अजून जिवंत होता, पण घ्यावयाचेच झाले तर ते पंचाहत्तर वॅटांच्या मर्यादेतले, हे कलम उभयपक्षी मान्य झाले.

त्या मर्यादेत येणारी मंडळी फार नाहीत, आणि जी आहेत त्यांतल्या प्रत्येकाला काही ना काही खोड आहे. एनव्हीडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ऑक्टोबर २०१६ चे, चार जीबीचे कार्ड वर्षानुवर्षे अशा यंत्रांचा आधार होते आणि आजही जुन्या बाजारात सर्वांत सहज मिळते. परंतु त्याच्या पिढीसाठीचे नियमित ड्रायव्हर कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून यापुढे केवळ सुरक्षेपुरती दुरुस्ती व्हावयाची आहे. एएमडीचे आरएक्स ६४०० हे त्याहून पुष्कळ अलीकडचे, अवघ्या ५३ वॅटांचे. पण ते स्लॉटच्या सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. नव्या मदरबोर्डावर त्या चार मार्गिका दुप्पट वेगाने धावत असल्यामुळे हे खपून जाते. २०१२ च्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर मात्र वेग निम्म्यावर, सेकंदाला सुमारे ४ जीबीवर, येतो. शिवाय चित्रफीत संकोचित करून साठवण्याचे यांत्रिक साधनच त्यात ठेवलेले नाही, म्हणजे बोधपट करणाऱ्या बाईला ते अर्धेच उपयोगी. इंटेलचे आर्क ए३८० मदरबोर्डाकडून रिसायझेबल बार नावाची एक सवलत मागते, जी इतक्या जुन्या यंत्रात मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचे आणि ७० वॅटांचे, सर्व गुणांनी युक्त आहे. त्याचा एकमेव दोष हा की ते दहा हजारांत येत नाही.

भाचीचे बोट यादीत जीटीएक्स १६५० वर येऊन थांबले होते. एप्रिल २०१९ चे, ८९६ गणनकेंद्रांचे, चार जीबीचे, ७५ वॅटांचे, पुढच्या पिढीतले म्हणून ड्रायव्हर अजून चालू असलेले, आणि सोळाही मार्गिका वापरणारे. जुने घेतले तर तिच्या रकमेत बसते. येथेही एक मेख आहे, आणि ती दुकानात उभे राहूनच पाहावी लागते: याच नावाची पुष्कळ कार्डे कंपन्यांनी थोडी अधिक वेगवान करून विकली, आणि त्यांच्या वरच्या कडेला सहा भोकांचे एक काळे तोंड बसवले. ते तोंड दिसले की ते कार्ड, नाव तेच असले तरी, पंचाहत्तर वॅटांत राहणारे नव्हे.

“नाव एक आणि माल दोन?” मामांचे कान टवकारले.

“याहून वाईट आहे. जीटी १०३० म्हणून एक छोटे कार्ड आहे, २०१७ चे. त्याच्यावरची मेमरी जीडीडीआर५ होती, सेकंदाला ४८ जीबी वाहणारी. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरे आले, साध्या डीडीआर४ चे. ते वाहते १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच, चित्रही बहुधा तेच. फरक बारीक अक्षरात.”

यावर मामांनी जे उद्गार काढले ते येथे देता येत नाहीत. एवढेच सांगतो की ते मूळ निविदेत एक विनिर्देश देऊन पुरवठा दुसऱ्याच मालाचा करणाऱ्या ठेकेदारांविषयी होते.

तथापि जुन्या बाजाराविषयीचा त्यांचा संशय यामुळे दुणावला, आणि तो अनाठायी नव्हता. लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो वा बंगळूरचा एस. पी. रोड, जुन्या कार्डांचा व्यवहार तेथे बहुतांशी तोंडी चालतो. ‘टेस्टिंग वॉरंटी’ या गोड नावाखाली घरी नेऊन लावून पाहण्यापुरते काही दिवस मिळतात, आणि त्यानंतर विक्रेता आपल्याला ओळखत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे उत्खनन करण्याचा धंदा बसला, तेव्हा अहोरात्र राबलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली; त्यांतली कित्येक धुऊनपुसून आजही फिरत आहेत. मामांचा प्रश्न असा, की ज्या मालाला पावती नाही, हमी नाही आणि पूर्वेतिहास नाही, त्याचे प्रमाणक जोडावयाचे कशाला?

भाचीने या प्रश्नाला बगल दिली नाही. लहान कार्डे त्या उत्खननात फारशी वापरली गेली नाहीत, चार जीबीवर ते परवडत नसे, हा एक दिलासा तिने सांगितला. पण नकली कार्डांचा धोका लहान कार्डांतच अधिक, हेही तिनेच सांगितले. २०१० सालच्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाची अंतर्गत नोंद बदलून ते १०५० टीआय म्हणून विकले जाते; विंडोज त्यावर विश्वास ठेवते, गिऱ्हाइकही ठेवते. मग ओळखावयाचे कसे? पहिली खूण पाठीमागच्या पट्टीवर. खऱ्या १०५० टीआयला जुन्या पडद्यांचे निळे व्हीजीए तोंड नसते, कारण त्या पिढीतून एनव्हीडियाने तो प्रकारच काढून टाकला. ते तोंड दिसले की कार्ड खाली ठेवून दुकानातून बाहेर पडावे. दुसरी खूण जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या साधनाची: त्यात चिपचे नाव, मेमरीचा प्रकार आणि गणनकेंद्रांची संख्या दिसते, १६५० साठी ती ८९६ असलीच पाहिजे, आणि २०१८ पासून ते साधन एनव्हीडियाच्या नावावर खपवलेल्या नकली कार्डांवर तसा शेरा मारते. यानंतर विक्रेत्याच्याच यंत्रात कार्ड पाव तास पूर्ण भारावर चालवून दाखवावयास सांगावे, पंखा कुरकुरतो का ऐकावे, पडद्यावर रंगाचे ठिपके येतात का पाहावे, आणि स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असल्या तर कोणी उघडले होते आणि कशासाठी, हे विचारावे.

“आणि पावती?”

“पावती मागेन, मामा. अठरा टक्के जीएसटी धरून थोडे महाग पडेल, पण त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घेईन.”

मामा प्रसन्न झाले. पण ते हरले नव्हते. त्यांच्या भात्यातला खरा बाण अजून बाकी होता, आणि तो सुटला तेव्हा मला वाटले, आता पोरीचे काही खरे नाही.

“तुझे सगळे म्हणणे मान्य. आता माझे ऐक. ज्या गठ्ठ्यांतून तुझे यंत्र आले, त्याच गठ्ठ्यांतून आता आठव्या पिढीची यंत्रे बाहेर पडू लागली आहेत. आय-फाइव्ह ८५००, २०१८ चा. चाराऐवजी सहा गाभे, विंडोज ११ ला पात्र, आणि त्याच्या पोटातला यूएचडी ६३० तुझ्या एचडी २५०० च्या कितीतरी पुढे. यूट्यूबची आणि मोबाइलवरची हल्लीची चित्रफीत तो प्रोसेसरला न शिणवता उलगडतो. दहा हजारांत थोडी भर घाल, हे जुने यंत्र काढून टाक, आणि सबंध यंत्रच घे. एका अवयवावर पैसा घालण्यापेक्षा देहच बदल की!”

हा युक्तिवाद फार बळकट आहे. किंबहुना ज्याचे काम चित्रफिती पाहणे, जोडणे, मुलांचा अभ्यास आणि कचेरीचे कागद एवढ्यापुरते आहे, त्याने तो ऐकून येथेच निर्णय करावा. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिले आहे व आत रंगीत दिवे लागतात एवढ्यासाठी ते घेणे ही चैन आहे. भाचीने क्षणभर विचार केला. मग ती म्हणाली, “मामा, तुमच्या वहीत स्थावर आणि जंगम अशी दोन खाती असतात ना? या यंत्रातले काय काय स्थावर आहे ते पाहा. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ही डीडीआर३ रॅम; यांतले काहीही पुढच्या यंत्रात जात नाही. यांच्यावर मी आता एक रुपयाही घालणार नाही, रॅम वाढवा म्हणून कोणी सांगितले तरी. पण एसएसडी जंगम आहे आणि कार्ड जंगम आहे. तुम्ही म्हणता ते आठव्या पिढीचे यंत्र मी पुढच्या वर्षी घेईनच. तेव्हा हे कार्ड याच्यातून काढून त्याच्यात बसवीन. त्यातही कचेरीचाच लहान एसएमपीएस असणार, त्यातही निराळी तार नसणार. पंचाहत्तर वॅटांचे कार्ड तेथेही चालेल. तुमचे यंत्र आधी घेतले, तर ब्लेंडरच्या कामाला वीस तासांचे फार तर बारा-तेरा होतील. यूएचडी ६३० ला तेथे काही करता येत नाही. म्हणजे कार्ड घेणे दोन्ही मार्गांवर आहेच. प्रश्न फक्त कोणते आधी, एवढाच.”

मामा बराच वेळ त्या उघड्या कॅबिनेटकडे पाहत बसले. “आणि रात्री खेळ खेळशील,” शेवटी ते म्हणाले.

“खेळेन,” तिने प्रांजळपणे सांगितले. “पण तेथे हा जुना प्रोसेसरच आधी दमेल आणि कार्ड त्याच्यासाठी ताटकळेल, त्यामुळे त्या खर्चाचे समर्थन मी खेळावर करीत नाही.”

मग मामांनी तिच्याच कागदाच्या पाठीवर टिपणी लिहिली. खर्चास मंजुरी, मर्यादा दहा हजार, कार्ड वरच्या कडेला जोडणीचे तोंड नसलेले असावे, खरेदीपूर्वी स्लॉटपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा मोजपट्टीने मोजून कार्डाची लांबी तिच्याशी ताडून पाहावी, पडदा जुना, केवळ व्हीजीए तोंडाचा असल्यामुळे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे रूपांतरक याच मर्यादेत घ्यावे, त्यासाठी पुरवणी मागणी मान्य होणार नाही, आणि स्थावर खात्यावर कोणताही खर्च पडल्यास तो अमान्य. खाली त्यांनी सही केली आणि सवयीने तारीखही घातली.

माझा कौल विचाराल तर चौकटी रंगवण्याचे काम ज्याला खरोखरच आहे, त्याच्यापुरता मी भाचीच्या बाजूचा. बाकी सर्वांसाठी मामांचे आठव्या पिढीचे यंत्र अधिक शहाणपणाचे. मात्र दोहोंपैकी कोणत्याही कामासाठी बाजाराची वाट धरण्यापूर्वी वाचकांनी एक करावे: आपल्या संगणकाच्या बाजूचे पान काढून एसएमपीएसवरची पट्टी वाचावी, एकूण वॅट आणि बारा व्होल्टांसमोरचे अँपिअर कागदावर उतरवून घ्यावे, आणि तो कागद खिशात घालून जावे. कार्डाविषयी बोलण्यापूर्वी जो दुकानदार तो कागद पाहावयास मागणार नाही, त्याच्याकडून तारसुद्धा विकत घेऊ नये.